फॅमिली ईव्ही एसयूव्ही की इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार? वेग स्वस्त झालाय, मग जास्तीचे पैसे कशाचे?

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा बसमध्ये उभ्या-उभ्या वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा भाग लिहून ठेवलाय. बोलताना येणारे 'म्हणजे', 'बघा', 'काय म्हणतात ते' बरेचसे गाळलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आलाय. नाव सांगत नाही, कारण प्रकरण घरातलं आहे. तो म्हणतो:

"दादा, मी ३२ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. कंपनीचे शेअर्स विकले, टॅक्स भरला, आणि हातात ८० लाखांच्या आसपास उरलेत. घरात आई-बाबा, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. जुनी डिझेल गाडी काढून टाकतोय. मला एमजी सायबरस्टर घ्यायचीय. शाळेत असल्यापासून भिंतीवर स्पोर्ट्स कारचं पोस्टर होतं माझ्या. घरचे म्हणतात महिंद्राची एक्सईव्ही ९ई घे. पंधरा दिवस झाले, जेवताना हाच विषय. आता तर बाबा बोलतच नाहीयेत माझ्याशी. तू सांग काय करू."

आता तुमच्यातले बरेच जण म्हणतील, ८० लाख? आपल्याला काय करायचंय! पण थांबा. आकडा बाजूला ठेवला तर हा प्रश्न सगळ्यांचाच आहे. दोन लाखांची बाइक घेताना मागची सीट बघायची की नाही, इथपासून तो सुरू होतो. शिवाय इलेक्ट्रिक गाड्यांनी 'स्पोर्ट्स कार' या शब्दाचा अर्थच बदलून टाकलाय, तो समजून घेण्यासारखा आहे.

आधी दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करू

एमजी सायबरस्टर भारतात २०२५ च्या जुलैमध्ये आली. लाँचच्या वेळी एक्स-शोरूम किंमत ७४.९९ लाख. दोन मोटर, पुढे एक आणि मागे एक. ताकद ५१० पीएस, टॉर्क ७२५ न्यूटन मीटर. शून्य ते शंभर ३.२ सेकंदांत. बॅटरी ७७ किलोवॉट-तासांची. दारं पंखासारखी वर उघडतात, तीही बटणावर. छत कापडी आहे, साधारण १० सेकंदांत मागे दुमडतं. आणि सीट? दोन.

महिंद्रा एक्सईव्ही ९ई नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवली गेली. बनते आपल्या चाकणला. ७९ किलोवॉट-तासांच्या मोठ्या बॅटरीचं सगळ्यात वरचं मॉडेल लाँचच्या वेळी ३०.५० लाख एक्स-शोरूम होतं. मागच्या चाकांना एकच मोटर, २८६ पीएस, ३८० न्यूटन मीटर. शून्य ते शंभर ६.८ सेकंद. सीट पाच, डिकी ६६३ लिटर. सायबरस्टरची डिकी २४९ लिटर.

(किलोवॉट-तास म्हणजे घाबरू नका. विजेच्या बिलावर जे 'युनिट' असतं, तेच. ७९ किलोवॉट-तासांची बॅटरी म्हणजे ७९ युनिट वीज मावणारी टाकी.)

आता एक गंमत. दोन सीटची गाडी म्हणजे छोटी गाडी, असं आपल्याला वाटतं. सायबरस्टरची रुंदी आहे १,९१३ मिलिमीटर, आणि एक्सईव्ही ९ईची १,९०७. म्हणजे पार्किंगच्या दोन पट्ट्यांमध्ये दोघींना जागा सारखीच लागते. फरक उंचीत आहे. एक १,३२९ मिलिमीटर उंच, दुसरी १,६९४. फूटभराहून जास्त फरक. हा फूटभर लक्षात ठेवा, आजच्या भागातलं निम्मं उत्तर त्यातच आहे.

वेग इतका स्वस्त कसा झाला?

पेट्रोल इंजिनाची एक अडचण असते. ते एका विशिष्ट फेऱ्यांपर्यंत पोचल्याशिवाय पूर्ण जोर लावत नाही. म्हणून गिअर लागतात, क्लच लागतो. आणि खूप जोर हवा असेल तर जास्त सिलिंडर, टर्बो, थंड ठेवायची यंत्रणा, हे सगळं वाढत जातं. प्रत्येक गोष्टीला पैसे. त्यामुळे शंभर वर्षं एक साधं समीकरण होतं: वेगवान गाडी म्हणजे महाग गाडी.

इलेक्ट्रिक मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण टॉर्क देते. मिक्सरचं बटण दाबलं की पातं लगेच फिरतं ना, वॉर्म-अप वगैरे काही नाही, तसंच. गिअर बदलायला वेळ जात नाही, कारण बहुतेक ईव्हींमध्ये एकच गिअर असतो. आणि लांब पल्ल्यासाठी मोठी बॅटरी लागतेच. मोठी बॅटरी एका वेळी जास्त वीज सोडू शकते. म्हणजे कंपनीने रेंजसाठी मोठी बॅटरी टाकली की वेग जवळपास बोनससारखा येतो.

परिणाम काय झाला बघा. १९६४ मध्ये जी पहिली पोर्शे ९११ रस्त्यावर आली, तिला शंभरचा वेग गाठायला आठ सेकंदांहून जास्त वेळ लागायचा. आणि ती जगातली नावाजलेली स्पोर्ट्स कार होती! आज टाटाची हॅरियर ईव्ही, दोन मोटरची, ६.३ सेकंदांत तिथे पोचते. मागे आजी बसलेली असताना. डिकीत आंब्याच्या पेट्या असताना नसेल कदाचित, पण मुद्दा कळला असेल.

आता ३.२ आणि ६.८ सेकंदांतला फरक अंगाला कसा जाणवतो, तेही सांगतो. सरासरी काढली तर ३.२ सेकंदांच्या गाडीत ७० किलोच्या माणसाला सीट पाठीमागून साधारण ६२ किलो वजनाएवढ्या जोराने ढकलते. ६.८ सेकंदांच्या गाडीत हाच जोर २९ किलोच्या आसपास असतो. पहिल्या वेळी हसू येतं, शिवी येते, 'परत एकदा' म्हणावंसं वाटतं. आणि ज्यांची मान दुखते, ते 'उतरव मला' म्हणतात. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्याच आहेत.

पण हा जोर वापरायचा कुठे? मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेला सपाट भागात गाड्यांना शंभरची मर्यादा, घाटात त्याहून बरीच कमी. समृद्धीवर १२०. हिंजवडीत सकाळी नऊ वाजता काय मर्यादा असते, ती हिंजवडीकरांनाच विचारा. दोन्ही गाड्या या मर्यादा हसत-खेळत गाठतात. म्हणजे रस्त्यावरच्या कायदेशीर वेगासाठी ४४ लाख जास्त द्यायची काहीच गरज नाही.

मग ४४ लाख जास्त कशाचे?

इथे मी स्पोर्ट्स कारची बाजू मांडणार आहे, कारण तिच्यावर अन्याय व्हायला नको.

स्पोर्ट्स कार म्हणजे नुसता सरळ रेषेतला वेग नाही. तुम्ही जमिनीच्या जवळ बसता. वळणावर गाडी कलंडल्यासारखी वाटत नाही. स्टिअरिंग थोडं फिरवलं की नाक लगेच वळतं. छत उघडं असेल तर वारा, मातीचा वास, बोगद्यातला आवाज, सगळं आत येतं. ताम्हिणीत हिवाळ्याच्या सकाळी ही गाडी चालवणं आणि एसयूव्ही चालवणं यात पोहण्याएवढा आणि बोटीत बसण्याएवढा फरक आहे. हे ज्याला कळतं त्याला कळतं. आणि कळत असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारची एक मूळची अडचण आहे. बॅटरी. बॅटरी जड असते आणि तिला जागा लागते.

वजनाचं बघू. माझ्दाची एमएक्स-५ ही दोन सीटची, उघड्या छताची पेट्रोल गाडी जगभर आवडीने चालवली जाते. ती साधारण हजार ते अकराशे किलोची आहे. सायबरस्टर जवळपास दोन टनांची. म्हणजे दोन मारुती स्विफ्ट एकावर एक ठेवल्यासारखं! मोटरची ताकद हे वजन सरळ रस्त्यावर लपवते. वळणावर आणि ब्रेक लावताना मात्र ते लपत नाही, तिथे टायर आणि ब्रेक ते सोसतात.

जागेचं आणखी मजेशीर आहे. बहुतेक ईव्हींची बॅटरी तळाशी, गादीसारखी पसरलेली असते. एसयूव्ही मुळातच उंच, त्यामुळे खाली दहा-बारा सेंटिमीटरची गादी टाकली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. उलट फायदा होतो. मधला बोगदा जातो, जमीन सपाट होते, मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळते. आणि वजन खाली गेल्याने उंच गाडी असूनही वळणावर ती जुन्या एसयूव्हीसारखी डुलत नाही.

बुटक्या गाडीत मात्र हीच गादी नको तिथे येते. सीटखाली बॅटरी घातली की माणूस वर उचलला जातो, मग छत वर न्यावं लागतं, मग ती स्पोर्ट्स कार दिसतच नाही. यावर कंपन्यांनी वेगवेगळ्या युक्त्या काढल्यात. पोर्शेने टायकनमध्ये मागच्या प्रवाशांच्या पायांखालची बॅटरीच कापून तिथे खळगा ठेवला. टेस्लाच्या २००८ च्या पहिल्या रोडस्टरमध्ये बॅटरी सीटच्या मागे उभी केली होती. सायबरस्टरमध्ये बॅटरी फक्त ११० मिलिमीटर जाडीची आहे. म्हणजे तुमचे जास्तीचे पैसे वेगापेक्षा या कसरतीला जातात: जड आणि जाड गोष्ट घालूनही गाडी बुटकी ठेवणं. शिवाय ही गाडी तयार होऊन बाहेरून येते, त्यामुळे आयातीचा खर्च वेगळा. आणि संख्या कमी असल्याने प्रत्येक गाडीवर खर्चाचा वाटा मोठा.

रेंजचा आकडा वाचायचा कसा

ब्रोशरवर सायबरस्टरची रेंज ५८० किलोमीटर आहे, एक्सईव्ही ९ईची ६५६. दोन्ही आकडे भारतीय चाचणीचे, ज्याला एमआयडीसी म्हणतात. (औद्योगिक वसाहतीवाली एमआयडीसी नाही बरं का!) ही चाचणी प्रयोगशाळेत, बऱ्यापैकी सौम्य वेगात होते.

आता हीच सायबरस्टर, हीच बॅटरी, हेच दोन मोटरचं मॉडेल युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत ४४४ किलोमीटर देतं. गाडी तीच, फक्त परीक्षा कडक. म्हणजे पेपर सोपा असला की ५८०, कडक असला की ४४४. साधारण पाऊण भाग. हेच प्रमाण ढोबळमानाने ६५६ ला लावलं तर ५०० येतात. मी तर म्हणतो भरलेली गाडी, एसी चालू आणि शंभरचा वेग असेल तर मनात ४५० धरूनच निघावं.

वेगाचा परिणाम किती असतो? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० ला गेलात की वेग दीडपट होतो, पण हवेचा विरोध सव्वादोन पट. त्यामुळे समृद्धीवर १२० ने गेलात तर रेंज पटापट गळते, मग गाडी कुठलीही असो. एसयूव्ही उंच असल्याने तिला हवा जास्त कापावी लागते. स्पोर्ट्स कार इथे थोडी बाजी मारते, पण तिचे रुंद टायर आणि चालवणाऱ्याचा उजवा पाय ती बाजी परत घालवतात.

चार्जिंग: गाडीआधी पार्किंग बघा

दोन्ही बॅटऱ्या जवळपास एकाच आकाराच्या आहेत, म्हणून इथला हिशेबही सारखाच. घरी ७.२ किलोवॉटचा चार्जर असेल तर रिकामी बॅटरी भरायला अकरा-बारा तास. रात्री जेवून लावली की सकाळी तयार. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर मात्र एका दिवसाहून जास्त लागतो.

बाहेर हायवेला ६० किलोवॉटचा चार्जर मिळाला तर २० ते ८० टक्क्यांना पाऊण तास ते तास. एक्सईव्ही ९ई त्याहून बरंच वेगात चार्ज होऊ शकते, पण तेवढा मोठा चार्जर वाटेत असायला हवा, आणि तो चालू असायला हवा, आणि त्यावर आधीच कुणी बसलेलं नसायला हवं. तीन वर्षांची मुलगी सोबत असताना हा एक तास कसा जातो, ते आई-बाबांनाच माहीत. मागची सीट असेल तर पोर तिथे झोपते तरी. दोन सीटच्या गाडीत ती कुणाच्या तरी मांडीवर बसणार, जे चालत्या गाडीत करणं धोक्याचंही आहे आणि बेकायदाही.

म्हणून बुकिंगच्या आधी सोसायटीच्या कमिटीशी बोला. तुमच्या मीटरपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल येणार कशी, हे एकदा इलेक्ट्रिशियनला दाखवा. गाडी दारात उभी आणि चार्जर नाही, असं व्हायला नको.

पैशांचं गणित

हौसेला मोल नसतं म्हणतात. खरंय, पण हप्ता असतो.

दोन्हींच्या किमतीतला फरक साधारण ४४ लाख. समजा हा फरक तुम्ही कर्जाने भरला, ९ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता येतो महिना ७१ हजारांच्या आसपास. फक्त फरकाचा! सात वर्षांत मिळून साठ लाखांच्या घरात रक्कम जाते. आपल्या श्रोत्याकडे रोख आहे, त्याला हप्ता नाही. पण तेच ४४ लाख ७ टक्क्यांनी एफडीत ठेवले तर वर्षाला तीन लाखांहून थोडं जास्त व्याज येतं. टॅक्स जाऊन जे उरेल, त्यात मुलीच्या शाळेची फी निघते.

"पण दादा, ईव्ही घेतली की पेट्रोलचे पैसे वाचतात ना?" वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास खर्च. पेट्रोल एसयूव्ही लिटरला १२ किलोमीटर देत असेल तर तेच साडेआठ-पावणेनऊ रुपये. पण लक्षात घ्या, ही बचत पेट्रोल गाडीच्या तुलनेत आहे. दोन ईव्हींमध्ये निवडताना ती दोन्हीकडे सारखीच, म्हणून या वादात तिचा उपयोग नाही. शोरूममधला सेल्समन मात्र ती हमखास सांगणार.

महाराष्ट्रात अजून एक मुद्दा. २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या ईव्हींना ६ टक्के वाहन कर लावायचा प्रस्ताव होता. सायबरस्टरवर तो साडेचार लाख झाला असता. सरकारने तो त्याच महिन्यात मागे घेतला. पुढे एप्रिलमध्ये जे नवीन ईव्ही धोरण आलं, त्यात करसवलत आली, शिवाय मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफीही. आज दोन्ही गाड्यांना याचा फायदा आहे. पण एकदा आलेला प्रस्ताव परत येऊ शकतो, आणि तो आला तर महागड्या गाडीवरच येतो, हे डोक्यात असू द्या.

टायरचंही ऐका. सायबरस्टरचे पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे आहेत: पुढे २४५, मागे २७५ रुंदीचे, २० इंची. म्हणजे झिजायला लागल्यावर पुढचे मागे, मागचे पुढे असं करता येत नाही. जड गाडी आणि झटक्यात येणारा टॉर्क, दोन्ही टायर खातात. खड्ड्यात बुटका टायर फाटला तर तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाही.

आणि विकताना? परदेशात पोर्शे टायकनच्या सेकंडहँड किमती झपाट्याने खाली आल्या. कारण बॅटरीचं तंत्र दरवर्षी पुढे जातंय, आणि महागडी गाडी घेणाऱ्याला नवीनच हवं असतं. वॉरंटीचा कागद घेतला की त्यात 'पहिला मालक' हे दोन शब्द शोधा. महिंद्राची बॅटरीची आजीवन वॉरंटी पहिल्या खासगी मालकाला आहे. दुसऱ्या मालकाला अटी बदलल्या की त्याचा परिणाम तुमच्या विक्रीच्या किमतीवर होतो.

रस्ता, पाऊस आणि आईचे गुडघे

ब्रोशरमध्ये न येणाऱ्या गोष्टी आता.

एक्सईव्ही ९ईचा ग्राउंड क्लिअरन्स २०७ मिलिमीटर आहे. आपल्याकडे प्रत्येक सोसायटी, प्रत्येक शाळा, प्रत्येक नगरसेवक आपापल्या मापाचा स्पीडब्रेकर बांधतो. बुटक्या गाडीला ते तिरकं होऊन, माणसाने चप्पल हातात घेऊन ओढा ओलांडावा तसे ओलांडावे लागतात. आणि गाडीच्या पोटाखाली काय आहे? गाडीतली सगळ्यात महाग वस्तू, बॅटरी.

छत उघडायचे दिवस मोजा. जून ते सप्टेंबर पाऊस. मार्च ते मे दुपारी ऊन भाजून काढतं. राहिल्या हिवाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळी, त्यातही हायवेला डंपरच्या मागे असाल तर छत बंदच बरं. वर्षातले साठ-सत्तर दिवस मिळाले तरी चांगलंच म्हणायचं. ते दिवस अप्रतिम असतील, यात शंका नाही.

आणि उंचीचा तो फूटभर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बुटक्या गाडीत बसणं म्हणजे खाली पाटावर बसण्यासारखं, आणि उतरणं म्हणजे पाटावरून हात न टेकता उठण्यासारखं. एसयूव्हीची सीट खुर्चीच्या उंचीची असते. आईला हा फरक एका मिनिटात कळतो, त्यासाठी ब्रोशर लागत नाही.

सुरक्षिततेचं एक वाक्य. भारत एनकॅपच्या चाचणीत एक्सईव्ही ९ईला पाच तारे आहेत. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी ३२, मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ पैकी ४५. हॅरियर ईव्हीचेही गुण तेवढेच. घरात लहान मूल असेल तर शून्य-ते-शंभरच्या आधी हा आकडा बघायचा.

तर माझं उत्तर

मित्रा, तुझ्या व्हॉइस नोटमध्ये निर्णय करणारं वाक्य एकच आहे, आणि ते पोस्टरचं नाही. "जुनी डिझेल गाडी काढून टाकतोय" हे ते वाक्य.

म्हणजे जी येईल ती घरातली एकमेव गाडी असणार. घरात पाच माणसं, गाडीत दोन सीट. प्रत्येक फेरीला तिघं घरी. लग्नाला जायचं तर कॅब. रात्री दोनला बाबांना दवाखान्यात न्यायचं आणि मुलीला घरी एकटं ठेवता येत नाही, तर शेजाऱ्याची गाडी. ७५ लाख खर्च करून शेजाऱ्याकडे किल्ली मागायची. बाबा बोलत नाहीयेत ते गाडीच्या किमतीमुळे असेल असं मला वाटत नाही. घरातल्या गाडीत आपल्याला सीटच नाही, हे त्यांना न बोलता कळलंय.

म्हणून तुझ्यासाठी: एक्सईव्ही ९ई, किंवा हॅरियर ईव्ही, किंवा सगळे मिळून बऱ्याचदा फिरत असाल आणि एखादी आत्यापण सोबत येत असेल तर महिंद्राचीच सात सीटची एक्सईव्ही ९एस. उरलेले पैसे ठेव.

आणि पोस्टर फाडू नकोस. वेळ सध्या स्पोर्ट्स कारच्या बाजूने आहे. बॅटऱ्या हलक्या होतील तसा सगळ्यात जास्त फायदा याच गाड्यांना होणार, कारण वजन हेच त्यांचं दुखणं आहे. मोठमोठ्या कंपन्याही इथे अजून चाचपडतायत. पोर्शेने २०२५ मध्ये ठरवलं की त्यांच्या पुढच्या ७१८ ची वरची मॉडेल्स पेट्रोलवरही आणायची. म्हणजे पाच वर्षांनी याच पैशांत आजच्यापेक्षा चांगली इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार मिळण्याची शक्यता बरीच आहे. किंवा हीच सायबरस्टर सेकंडहँड, पहिल्या मालकाने घसारा सोसल्यानंतर. तोवर मुलगी आठ वर्षांची होईल आणि शेजारच्या सीटवर बसून छत उघडायचा हट्ट करेल.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की मी सगळ्यांना एसयूव्हीच घ्यायला सांगतो. घरात एक पाच सीटची गाडी आधीच आहे, घरी चार्जर बसतो, पैसे कर्जाचे नाहीत आणि चालवण्याचं खरं वेड आहे, तर घ्या की स्पोर्ट्स कार. खुशाल घ्या. आणि तुम्ही एकटे किंवा दोघंच असाल, शहरातच फिरत असाल, तर पावणेपाच मीटरहून लांब एसयूव्ही ही पण हौसच आहे. गरज म्हणून तिचं समर्थन करू नका, तुम्हाला छोटी ईव्ही पुरते.

"मधला मार्ग नाही का दादा?" आहे. महिंद्राचीच बीई ६. एक्सईव्ही ९ईच्या सांगाड्यावरच बांधलेली, तीच ७९ ची बॅटरी मिळते, ६.७ सेकंद, पण दिसायला आणि बसायला जास्त तरुण. मागची सीट आहे, डिकी ४५५ लिटर. ती स्पोर्ट्स कार नाही, तसं समजून घेऊ नका. पण ज्याच्या मनात थोडी खाज आहे आणि घरात माणसं आहेत, त्याने एकदा चालवून बघावी.

टेस्ट ड्राइव्हला जाताना

शेवटी कामाची यादी. स्क्रीनशॉट काढून ठेवा, गाडी कुठलीही घेत असाल तरी चालेल.

१. एकटे जाऊ नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात लहान माणसाला घेऊन जा. त्यांना स्वतः बसू-उतरू द्या, मदत करू नका, नुसतं बघा.

२. मागच्या सीटवर तुम्ही स्वतः वीस मिनिटं बसा. पुढच्या सीटवर सेल्समनला बसवा.

३. गाडी तुमच्या सोसायटीपर्यंत आणा. गेटचा स्पीडब्रेकर, बेसमेंटचा उतार, तुमचा खांब. दारं वर उघडणारी असतील तर वरचा पाइपही.

४. मुलांची सीट घरून घेऊन जा आणि बसवून बघा.

५. एकदा पूर्ण जोरात पळवा, कारण तो मोह फेडायचाच असतो. मग अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवा. तुमची खरी गाडी ती दुसरी आहे.

६. इन्शुरन्सचा कोट, चार टायरची किंमत आणि पुढची काच आल्याला किती दिवस लागतात, हे तीन आकडे लेखी घ्या. किंमत, कर आणि टोलसवलत बुकिंगच्या दिवशी परत तपासा, हे बदलत असतं.

७. घरी आल्यावर विचारा, "आवडली का?" आणि उत्तर ऐकताना मोबाइल खाली ठेवा.

तुमच्या घरात असा वाद झालाय का? कुणाचं ऐकलं गेलं, आणि आता दोन-तीन वर्षांनी काय वाटतंय? व्हॉइस नोट पाठवा, दीड मिनिटाच्या आत बसवा, आणि मागे मिक्सर चालू नसेल तर फारच उत्तम. निवडक नोट्स पुढच्या भागात घेऊ. तोवर सीटबेल्ट लावा, मागे बसलात तरी लावा. भेटू!